हनोईच्या ग्रंथपाल ताईंना, जुनी वर्तमानपत्रं वाचायला शिकवल्याबद्दल

प्रिय ताई,

तुमच्या भाषेत 'मी' आणि 'तुम्ही'ची जागा नातीच घेतात, म्हणून पहिल्या पत्रापासून आम्ही तुम्हाला 'ची', म्हणजे ताई, म्हणत आलो. हे पत्र मुद्दाम मराठीत आणि उघड लिहितो आहोत. तुम्ही जे दाखवलंत ते व्हिएतनामच्या विसाव्या शतकावर काम करणाऱ्या प्रत्येक मराठी अभ्यासकाच्या हाती पडावं, अशी मनापासून इच्छा आहे.

सगळ्यात मोठं ऋण तारखांचं. 1968 मध्ये तेतच्या, म्हणजे चांद्र नववर्षाच्या, वेळी कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर केलेल्या हल्ल्याच्या नोंदी जुळत नव्हत्या. न्हा चांग, दा नांगमध्ये हल्ला 30 जानेवारीला, सायगॉन आणि ह्यूमध्ये 31 ला. तुम्ही म्हणालात, बातमी नंतर वाचा, आधी अंकाच्या माथ्यावरची चांद्र तारीख पाहा. उत्तर व्हिएतनामने त्याच वर्षापासून पंचांगाचं गणित ग्रिनिचच्या 7 तास पुढच्या वेळेवर नेलं होतं. दक्षिणेची राजधानी सायगॉनचं घड्याळ 8 तास पुढे होतं. चंद्र-सूर्याची युती झाली तेव्हा हनोईत 29 जानेवारीच्या रात्रीचे साडेअकरा होत आले होते आणि सायगॉनमध्ये मध्यरात्र उलटून 30 तारीख लागली होती. युतीचा दिवस हाच महिन्याचा पहिला दिवस, त्यामुळे तेत उत्तरेत 29 ला आणि दक्षिणेत 30 ला. हल्ल्याच्या दोन तारखांमागे हाच घोळ असावा, असं बरेच इतिहासकार मानतात. स्मार्त आणि भागवत एकादशी वेगवेगळ्या दिवशी येते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन कळेल. फक्त आपल्याकडे सूर्योदय धरतात, तिथे मध्यरात्र. आता आमच्या प्रत्येक नोंदीत तीन रकाने आहेत: इंग्रजी तारीख, चांद्र तारीख आणि पंचांग कुठल्या बाजूचं.

दुसरी गोष्ट कोऱ्या जागांची. सायगॉनच्या वर्तमानपत्रांत मजकुराच्या मध्येच पांढरा चौकोन दिसतो. सूचीकार तिथे 'छपाई खराब' असं लिहून मोकळे होतात. त्या चौकोनात कधी कधी 'तू ई डुक बॉ' असे शब्द असतात, म्हणजे 'स्वतःहून काढून टाकले'. ती सेन्सॉरची खूण आहे, छपाईचा दोष नव्हे. तुम्ही दिलेली रीत सोपी आहे: कोऱ्या जागेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, मग त्याच दिवशीची इतर दैनिकं काढायची. एकाने गाळलेलं दुसऱ्यात कधी कधी सापडतं. आणि स्कॅन करताना कडा कापायच्या नाहीत, कोरी पानं वगळायची नाहीत.

दक्षिण व्हिएतनाम सरकारच्या ऑगस्ट 1972 च्या 007 क्रमांकाच्या हुकमानंतर मात्र चौकोन शोधून भागत नाही, कारण वर्तमानपत्रंच नाहीशी होतात. दैनिकाला 2 कोटी आणि नियतकालिकाला 1 कोटी डोंग अनामत भरायची होती. अनेकांना ती परवडली नाही. 10 ऑक्टोबर 1974 ला सायगॉनचे पत्रकार भिकाऱ्यांच्या वेषात रस्त्यावर उतरले ते याच संतापातून. अंकांची मालिका अचानक तुटली तर 'अंक गहाळ' लिहिण्याआधी हा हुकूम आठवायचा, हे तुमच्यामुळे पक्कं झालं.

नावांचं थोडक्यात सांगतो. आडनाव आधी येतं, पण सूची शेवटच्या शब्दावर लावायची, नाहीतर निम्मी सूची न्गुयेनखाली जाते. व्हो न्गुयेन झाप 'झाप'खाली. हो ची मिन्ह मात्र 'हो'खालीच. आडवी रेघ नसलेला 'डी' हनोईत 'झ' आणि सायगॉनमध्ये 'य' असा उच्चारतात, म्हणून 'न्यान झान' आणि 'न्यान यान' हे एकच दैनिक.

युनिकोडपूर्व फाइलींनी सर्वांत जास्त छळलं. श्रीलिपीतल्या फाइली उघडलेल्यांना ते दुःख माहीत आहे. टीसीव्हीएन 3 या व्हिएतनामी अक्षरांच्या जुन्या संगणकीय संकेतात स्वरचिन्हांची मोठी अक्षरं वेगळ्या फॉन्टमध्ये असत, ज्याच्या नावाच्या शेवटी 'एच' यायचा. सरसकट रूपांतर केलं की मथळे लहान अक्षरांत उतरतात, म्हणून ते आधी वेगळे काढायचे. त्यानंतरही शोध लागला नाही, तर अक्षर आणि चिन्हं सुटी साठवली आहेत का ते बघायचं आणि सगळा मजकूर अक्षर आणि चिन्ह एकत्र असलेल्या रूपात आणायचा. तुम्ही पाठवलेल्या या दोन ओळींच्या सूचनेनंतर आमचा शोध चालू लागला.

1956 च्या 'न्यान वान' या हनोईच्या बंडखोर लेखकांच्या पत्राचे पाचही अंक आता याच पद्धतीने सूचीत घेतो आहोत. पहिली यादी तपासायला तुमच्याकडेच येईल.

काम अन, म्हणजे धन्यवाद, ची.

तुमचे मराठी सहकारी