इंजिन सनरूफला बांधू नका

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या पेपरात नवीन गाड्यांची माहिती येते ती मी आवर्जून वाचते, पण त्यात सनरूफ, मोठी स्क्रीन, गार हवेच्या सीटा याचंच कौतुक जास्त आणि इंजिनाला कशाबशा दोन ओळी, त्यातपण सिलिंडर (इंजिनातल्या ज्या नळ्यांत पेट्रोल जळून जोर तयार होतो त्या) किती ते बऱ्याचदा नसतंच, म्हणून हे पत्र लिहितेय.

होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस या गाड्या लोक घरासाठी घेतात, पाच माणसं आणि डिकी भरून बॅगा. होंडा सिटीत खालच्या मॉडेलपासूनच १.५ लिटर चार सिलिंडर पेट्रोल आहे. व्हर्नाची २०२३ ला आलेली दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची, साधं ११५ पीएस (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद) आणि टर्बो, म्हणजे जास्त हवा कोंबून जोर वाढवणारं, १६० पीएस. पण आपल्या चाकणला बनणाऱ्या स्लाव्हिया आणि व्हर्टसमध्ये एकाच नावाखाली दोन वेगळ्याच गाड्या विकल्या जातात, एक १.० लिटर तीन सिलिंडर ११५ पीएसची आणि दुसरी १.५ लिटर चार सिलिंडर १५० पीएसची, दोन्ही टर्बो, आणि हा फरक गिऱ्हाइकाला कोणी नीट समजावून सांगत नाही.

तीन सिलिंडर म्हणजे भंगार असं जे सगळीकडे बोललं जातं ते मला अजिबात पटत नाही. चार सिलिंडरमध्ये क्रँक (इंजिनातला फिरणारा दांडा) अर्धा फेरा फिरला की एक ठोका पडतो, तीनमध्ये दोन तृतीयांश फेऱ्याला, म्हणजे मधे गॅप राहतो, शिवाय तीनचं इंजिन दोन्ही टोकांना आळीपाळीने वरखाली डुलायला बघतं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसवतात त्यामुळे ते बरंचसं दबतं, तरी एसी लावून सिग्नलला थांबल्यावर गिअरच्या नॉबवर हात ठेवा, बारीक थरथर लागते. पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर (तो एनएममध्ये मोजतात), बघा ना, त्या १.० टर्बोचा १७८ एनएम साधारण १७५० आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे फेरे) हातात येतो आणि सिटीच्या साध्या चार सिलिंडरचा १४५ एनएम, तोपण ४३०० ला. त्यामुळे भरल्या गाडीने खंबाटकी चढताना टर्बो फिरत असेल तर तीनवाली उलट आरामात ओढते. अडचण होते ती वळणावर ट्रकमागे अडकून आरपीएम पडला की, मग सेकंड टाकून गाडी जोर धरेपर्यंत थांबायचं, आणि तेवढ्यात मागचा हॉर्न मारायला लागलेला असतो. १.५ टर्बोला २५० एनएम आहे, तिथे हे फार जाणवत नाही, आणि हायवेला हलक्या पायाने चालवली तर मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होऊन पेट्रोलपण वाचतं.

म्हणजे रोज गावातल्या गावात फिरणाऱ्याला तीन सिलिंडर पुरतंय, आणि ज्याला दर सुट्टीला म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन घाट चढायचाय त्याला चार सिलिंडर टर्बो हवंय. पण ते त्याला मिळतं का? २०२२ ला व्हर्टस आली तेव्हा १.५ फक्त जीटी प्लस या वरच्या मॉडेलमध्ये, स्लाव्हियात फक्त वरच्या स्टाइल मॉडेलमध्ये, हायब्रिड (पेट्रोलबरोबर विजेची मोटर असलेली) सिटीपण त्याच वर्षी आली ती फक्त टॉप मॉडेलमध्येच, आणि २०२३ ला व्हर्ना आली तेव्हा तिचं टर्बो एसएक्स या मॉडेलच्या खाली दिलं नव्हतं. म्हणजे चांगलं इंजिन पाहिजे तर सनरूफ आणि रंगीत लाइटचे पैसे भरा. आम्ही गाडी बघायला गेलो त्या शोरूममध्येपण हेच, टेस्ट ड्राइव्ह तीन सिलिंडरची, तीपण सपाट रस्त्यावर दोघंच बसून, आणि १.५ मागितली तर डेमो कार नाही, टॉप मॉडेल बुक करा.

छोट्या इंजिनाने टॅक्स वाचतो असं कोणी सांगितलं तर ते या गाड्यांना लागू नाही. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तरच १८ टक्के जीएसटी, स्लाव्हिया साडेचार मीटरच्या वर जाते, त्यामुळे इंजिन ९९९ सीसी असो की १४९८, २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हीला ४० टक्केच.

कंपन्यांनी सहा एअरबॅग, साध्या कापडी सीटा आणि मोठं इंजिन असं एक मॉडेल काढावं, घ्यायला लोक आहेत. आणि आपल्याला विनंती, गाडीच्या माहितीच्या चौकटीत सिलिंडर किती आणि ते इंजिन कोणत्या मॉडेलपासून मिळतं हे छापत जा, आणि तुमचा माणूस गाडी चालवायला नेतो तेव्हा एकदा तरी पाच जण बसवून, एसी लावून घाटात नेऊन बघा.

आपली एक वाचक,
सातारा