काडतुसाची कड आणि मॅगझिनचे ओठ

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पॉइंट टू-टूचं (०.२२ इंची) पिस्तूल घ्यायचंय, असं तुझं पत्र मिळालं. पैसे मोजके, नेमबाजी कागदी लक्ष्यावर आणि पिस्तूल सलग गोळ्यांच्या भर मालिकेत अडकायला नको, अशा तुझ्या तीन अटी. तिन्ही जमण्यासारख्या आहेत, पण सगळी रक्कम पिस्तुलातच घालू नकोस. त्यासाठी निम्मी धर. उरलेल्या निम्म्यात दोन जादा मॅगझिन (काडतुसं भरायच्या डब्या), कानांचे मफ, चष्मा, कुलपाची पेटी आणि भरपूर काडतुसं. महागड्या पिस्तुलातून महिन्याला पन्नास गोळ्या झाडण्यापेक्षा मधल्या दर्जाच्या पिस्तुलातून पाचशे झाडल्यास तर हात कितीतरी लवकर बसेल. परवाना, क्लबचं सदस्यत्व वगैरे कायद्याचं जे काही असेल ते आधी उरकून घे, सौद्याची बोलणी त्यानंतर.

सुरुवात काडतुसापासून करतो, कारण पिस्तुलाच्या माथी मारल्या जाणाऱ्या बऱ्याचशा तक्रारी खरं तर त्याच्या असतात. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमरची, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या मिश्रणाची, वेगळी टोपी असते. पॉइंट टू-टूमध्ये ती नसते. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, बुडाची कड दुमडून आतून पोकळ ठेवलेली असते आणि प्रायमरचं ओलं मिश्रण पुंगळी गरगर फिरवून त्या पोकळीत पसरवतात. फायरिंग पिन ही कड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर चेपते आणि मिश्रण पेटतं. आता एखाद्या जागी मिश्रण पोचलंच नसेल आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर नुसता टक असा आवाज येतो. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांब, कारण काडतूस क्वचित उशिरानेही पेटतं. मग ते बाहेर काढून कडेवरचा ठसा बघ. ठसा खोल आणि स्वच्छ असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर पिनच्या खाचेत मळ साचलाय, स्प्रिंग थकलीय, किंवा काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलंच नव्हतं आणि पिनचा सगळा जोर त्याला आत ढकलण्यातच गेला. या शेवटच्या प्रकारात तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला बहुतेक वेळा उडतं, त्यावरून ओळखता येतं. आणि आवाज नेहमीपेक्षा पुसट आला तर पुढची गोळी झाडायचीच नाही. पिस्तूल रिकामं करून नळीतून उजेड आरपार दिसतो का ते बघ. गोळी नळीत अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फुगते, आणि तो फुगवटा काही दुरुस्त होत नाही.

आता पिस्तूल. दुकानात दोन जाती दिसतील. एकीत सैनिकी पिस्तुलासारखी अख्खी स्लाइड, म्हणजे वरचा भाग, मागेपुढे होते आणि साईट, म्हणजे नेम धरायची खूण, तिच्यावरच बसवलेली असते. स्वस्तातल्या अशा पिस्तुलांची स्लाइड बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते. डबे पाडायला ठीक. दुसऱ्या जातीत नळी चौकटीला घट्ट बसवलेली, साईटही जागच्या जागी, आणि आतला बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, तेवढा सरकतो. तुला ही दुसरी हवी. कारण साधा हिशोब आहे. दोन साईटमधलं अंतर २२० मिलिमीटर धर. आंतरराष्ट्रीय नियमांतही २५ मीटरच्या पिस्तुलाला कमाल तेवढंच चालतं. मागची साईट अर्धा मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी जवळजवळ ५७ मिलिमीटर बाजूला जाते. प्रिसिजन (सावकाश, अचूक नेमाच्या) लक्ष्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर. म्हणजे बरोबर मध्यावर धरलेला दहा, तुझी काही चूक नसताना, आठ होतो. मागची साईट दोन्ही दिशांना क्लिकने फिरणारी हवी आणि अंगठ्याने दाबल्यावर हलायला नको.

या जातीत खिशाला परवडणारी तीन नावं: रुगर मार्क, ब्राऊनिंग बकमार्क आणि स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी. रुगरचा वंश १९४९ पासूनचा. १९८२ ला आलेलं मार्क टू जुन्या बाजारात अजून मिळतं आणि सरळ, दणकट काम आहे. फक्त ते उघडून पुन्हा जोडताना घोड्यामागची (घोडा म्हणजे पिनवर आपटणारा भाग) काडी स्प्रिंगच्या वाटीत नीट बसवावी लागते. त्यासाठी नळी कधी वर, कधी खाली करावी लागते आणि पहिल्या चार-पाच वेळा घाम फुटतो. २०१६ च्या मार्क फोरमध्ये एक बटण दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उघडतो, त्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते. वापरलेलं मार्क फोर घेणार असशील तर १ जून २०१७ च्या आधी बनलेलं आहे का ते बघ. सेफ्टी अर्धवट ठेवून ट्रिगर ओढला तर नंतर सेफ्टी हलवताना गोळी सुटू शकते, म्हणून ती पिस्तुलं कंपनीने दुरुस्तीला परत मागवली होती. क्रमांक ४०१ किंवा डब्ल्यूबीआरने सुरू होत असेल तर दुरुस्ती झाल्याची खात्री करूनच पैसे दे. बकमार्क १९८५ चं. त्याचा ट्रिगर मुळातच चांगला असतो, पण मागची साईट ज्या पट्टीवर बसते तिचे स्क्रू सैल होतात. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, अचानक फाकला तर आधी ते तपास, मग स्वतःच्या हाताला दोष दे. व्हिक्टरीची नळी एकाच स्क्रूवर निघते, पुढेमागे वेगळी नळी लावायची झाली तर सोपं.

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ४१ किंवा जुनं वॉल्थर जीएसपी कुणी स्वस्तात देऊ केलं तर मोह होईल. दोन्ही उत्तम. पण मॅगझिन आणि सुटे भाग कुठून आणणार, हे आधी विचार.

ट्रिगरच्या बाबतीत लोक वजनालाच धरून बसतात. २५ मीटरच्या स्पर्धांत तो किमान १००० ग्रॅमचा लागतो. स्वस्त पिस्तुलं कारखान्यातून सहसा त्याच्या दीड-दोन पट जड येतात. मला विचारशील तर दीड किलोचा ट्रिगर चालेल, पण ओढताना मध्येच खरखरणारा किंवा टप्प्याटप्प्याने सरकणारा नको. सवय जड ट्रिगरची होते, खरखरीची होत नाही. आणि घरी कानस घेऊन सिअर, म्हणजे घोडा अडकवून धरणारा भाग, घासायला मुळीच बसू नकोस. पोलादाचा वरचा कडक थर गेला की एका दाबात दोन गोळ्या सुटू लागतात.

जुनं पिस्तूल बघायला गेलास की मॅगझिन काढ, बोल्ट मागे ओढ, चेंबर डोळ्यांनी बघ आणि करंगळी घालूनही चाचप. मग चेंबरची कड न्याहाळ. रिकामं चालवून चालवून पिन कडेवर आपटलेली असते आणि तिथे नखाच्या कोरीसारखा खळगा पडतो. खळग्याच्या बाजूचं पोलाद चेंबरच्या आत उचललं जातं, मग पुंगळी निघताना घासते. बोट फिरवलंस तर टोचेल. मालकाने बोल्ट बाहेर काढून दाखवला तर एक रिकामी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या, नखाखाली सरकव आणि बोल्ट पालथा कर. पुंगळी धरून राहायला हवी. लगेच पडली तर नख झिजलंय किंवा त्याची स्प्रिंग मेलीय. हा भाग छोटा नि स्वस्त असतो, तेव्हा सौदा मोडू नकोस, किंमत पाड. नळीत उजेड धरल्यावर मध्येच काळं कडं दिसलं तर मात्र सरळ उठून ये, तोच तो फुगवटा. शेवटी चेंबरमध्ये डमी (दारू नसलेलं काडतूस) घालून ट्रिगर दाब, दाबलेलाच ठेवून बोल्ट मागे ओढून सोड. घोडा पडता कामा नये. ट्रिगर हळूच सोडल्यावर टक असा पुन्हा अडकल्याचा आवाज यायला हवा.

मॅगझिनकडे कुणी बघत नाही आणि सगळ्यात जास्त अडचणी तीच करते. वरचे दोन ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या कडा, समांतर आहेत का, कुठे वाकलेत का, पत्र्याला चीर आहे का, हे बघ. काडतुसाला कड असल्यामुळे भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर ते पुढे सरकतच नाही. म्हणून प्रत्येक काडतूस पूर्ण मागे सारून, नाक किंचित वर ठेवून भर. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने १, २, ३ असे आकडे टाक. अडकणं नेहमी २ नंबरमध्येच होत असेल तर पिस्तूल उघडत बसायचं कारण नाही.

काडतुसांचे चार-पाच प्रकार प्रत्येकी पन्नास आण. ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, साध्या वेगाची, म्हणजे सेकंदाला साधारण ३२० ते ३३० मीटरची, लक्ष्यासाठी बरी. धक्का कमी आणि वेग जास्त एकसारखा. नवं पिस्तूल मात्र त्यांच्यावर कधी कधी कुरकुरतं. स्प्रिंग ताठ असते, बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकते. तेव्हा पहिली दोन-तीनशे वेगवान जातीची झाड, मग साध्यावर ये. मनगट सैल असलं तरी हेच होतं, हे विसरू नकोस. चाचणी वाळूच्या पिशवीवर हात टेकवून २५ मीटरवर घे. प्रकार बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजू नकोस, कारण नळीत आधीच्या गोळीचं मेण असतं. नंतर दहा-दहाचे तीन ग्रुप. दहाही गोळ्या ५० मिलिमीटरमध्ये बसल्या तर पिस्तूल तुझ्यापेक्षा चांगलं आहे, आणखी बारीक ग्रुपच्या मागे पैसे घालवू नकोस. जो प्रकार न अडकता बसेल त्याचा लॉट (एका खेपेत बनलेल्या मालाचा) क्रमांक लिहून ठेव आणि त्याच लॉटची पेटी घे.

साफसफाई तीन-चारशे गोळ्यांनंतर. नळीत पुढून सळई घालू नकोस, तोंडाची कड झिजली की ग्रुप गेला. मागून दोरीची साफणी ओढ. जास्त लक्ष चेंबर आणि एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेकडे दे. तेल बोल्टच्या सरकत्या कडांवर एकेक थेंब, पिनच्या खाचेत अजिबात नाही. मेण, काजळी आणि तेल मिळून जो चिखल होतो, तोच पिनचा वेग खातो.

त्या जुन्या मार्क टूचं तू लिहिलं आहेस. बघायला जाशील तेव्हा चेंबरच्या कडेचा आणि मॅगझिनच्या ओठांचा जवळून फोटो काढून पाठव, आणि सोबत मॅगझिन किती देतोय तेही विचार. आगाऊ रक्कम देण्याआधी मला एकदा कळव.

तुझा,
दिलीप