घाटे अळीच्या विषाणूची मात्रा मिलीत नको, ‘एलई’त छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हरभरा फुलोऱ्यात आला की घाटे (हरभऱ्याच्या शेंगा) पोखरणाऱ्या घाटे अळीचे सल्ले छापून येऊ लागतात आणि त्यात ‘हेक्टरी 500 मिली एचएएनपीव्ही फवारावे’ अशी एक ओळ हमखास असते. एचएएनपीव्ही म्हणजे या अळीला रोग लावून मारणारा विषाणू. ती ओळ अपुरी आहे. तेवढ्यावर विसंबून फवारणी झाली की गुण येत नाही आणि दोष विषाणूच्या माथी बसतो.

आधी मात्रेचे बघू. एक एलई म्हणजे रोगाने मेलेल्या एका पूर्ण वाढीच्या अळीतले विषाणूकण. ते 600 कोटी धरतात. हेक्टरी मात्रा 250 एलई, म्हणजे एकरी 100. लेबलवर मिलीला 100 कोटी (1×10⁹) कण लिहिले असतील तर एकरी 600 मिली लागते, 200 कोटी असतील तर 300 मिली पुरते. पहिल्या बाटलीतून हेक्टरी 500 मिली मारले तर जेमतेम 83 एलई पडतात, म्हणजे मात्रेचा तिसरा हिस्सा. लेबलवर कणांची संख्याच नसेल तर ती बाटली घेऊ नये.

दुसरी गोष्ट अळीच्या वयाची. हा विषाणू अंगावर पडून मारत नाही, तो पोटातच जावा लागतो. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात कणाचे कवच विरघळते आणि विषाणू पेशींत शिरतो. तांदळाच्या दाण्याएवढी अळी थोड्या कणांनी मरते. बोटाच्या पेराएवढी झाल्यावर त्याच अळीला कित्येक पट कण लागतात, आणि तोवर ती घाट्यात डोके खुपसून बसलेली असते. म्हणून घाट्याला भोके पडण्याची वाट बघायची नाही. शेंड्याच्या पानांवर हिरवा भाग खरवडल्याचे पांढुरके ठिपके दिसले किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात) सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले की फवारणीची वेळ झाली.

फवारणी उन्हे कलल्यावरच करावी. उन्हातल्या अतिनील किरणांनी कण निकामी होतात, सकाळी नऊला मारलेल्या औषधाचा जोर त्याच दिवशी ओसरू लागतो. एकरी 200 लिटर पाण्यात एक किलो गूळ विरघळवून, फडक्याने गाळून घालावा. अळी गोडीने जास्त खाते आणि उन्हापासून थोडा आडोसाही मिळतो. विद्यापीठांच्या शिफारशीत नीळ असते ती उन्हासाठीच. सोबत चिकट द्रव घ्यावा. कण तळाशी बसतात, तेव्हा बाटली आधी नीट हलवावी. बोर्डो मिश्रण किंवा चुन्याचे कोणतेही द्रावण यात मिसळू नये, अल्कात कवच पंपातच विरघळते. हरभऱ्याच्या पानातल्या काही द्रव्यांमुळे विषाणूचा जोर टोमॅटोपेक्षा कमी पडतो, त्यामुळे या पिकात मात्रेत काटकसर नको. आठवड्याने दुसरा हात द्यावा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो फवारणीनंतरच्या तिसऱ्या दिवशी. अळ्या जिवंत दिसतात आणि शेतकरी घाबरून रासायनिक औषध मारतो. त्यात किडींवर जगणाऱ्या परोपजीवी माश्या आणि किडी खाणारा क्रायसोपा हा मित्रकीटकही मरतात, ज्यांना विषाणू धक्काही लावत नाही. खरे तर तोवर अळीचे खाणे मंदावलेले असते. ती पिवळट-गुलाबी पडते, शेंड्याकडे चढते आणि पाच ते सात दिवसांत मागच्या पायांवर उलटी लोंबकळत मरते. थंडीच्या कडाक्यात याहून जास्त दिवस लागतात. बोट लावले की कातडी फाटून पांढुरका द्रव गळतो, त्यातले कण खालच्या पानांवर पडतात आणि दुसऱ्या अळ्यांच्या पोटात जातात. अशा लोंबकळणाऱ्या अळ्या दिसल्या की समजावे, काम झाले.

हा विषाणू फक्त घाटे अळीचा. सोयाबीनवरच्या तंबाखूच्या अळीला एसएलएनपीव्ही वेगळा, मक्यावरच्या लष्करी अळीलाही वेगळा. एकाची बाटली दुसऱ्याला चालत नाही, हे विक्रेत्यांनीही गिऱ्हाइकाला सांगायला हवे. शिवाय घाटे अळ्या एकमेकींना खातात, म्हणून विषाणू तयार करताना प्रत्येक अळी वेगळ्या कप्प्यात वाढवावी लागते. एवढ्या कष्टाने तयार झालेली बाटली दुकानाच्या फळीवर उन्हात पडून राहणे परवडणारे नाही. ती फ्रिजमध्ये 4 अंशांना ठेवावी.

येत्या रब्बीत सल्ला छापताना एकरी एलई, अळीचा आकार, फवारणीची वेळ आणि अळी मरायला लागणारे दिवस एवढे चार तपशील द्यावेत, ही विनंती.

आपले,
जैविक कीड नियंत्रणाचे अभ्यासक