एंडॉर्फिनच्या नावाखाली गोळ्या बंद नकोत

महोदय,

सकाळच्या हास्यक्लबांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या ‘एंडॉर्फिन (शरीरात तयार होणारे अफूसारखे द्रव्य) वाढवा, मनोविकार पळवा’ असा प्रचार जोरात आहे. हसणे-फिरणे चांगलेच. पण आमच्या रामबागेतल्या एका काकूंनी हे ऐकून स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाच्या गोळ्याच थांबवल्या. काही दिवसांतच तो रात्र रात्र जागू लागला, वरणभाताचा वास घेऊन ‘यात काय घातलंय?’ असे आईलाच विचारू लागला.

वास्तविक हा उपाय कधीच तपासून झाला आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या शास्त्रज्ञांनी मेंदूत आपोआप तयार होणारी अफूसारखी द्रव्ये शोधली. पुढच्याच वर्षी चोह हाओ ली यांनी त्याच जातीचे बीटा-एंडॉर्फिन वेगळे केले, तेही उंटाच्या पीयूष ग्रंथीतून! १९७७ मध्ये अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनिया आणि नैराश्याच्या मोजक्या रुग्णांना शिरेतून दिले. सुधारणा दिसल्याचा गाजावाजा झाला. मग सुईत औषध आहे की नुसते सलाइन, हे रुग्ण-डॉक्टर दोघांनाही कळू न देता चाचण्या झाल्या, तेव्हा स्किझोफ्रेनियात डोळ्यांत भरेल असा फरक काही पडला नाही. थेट शिरेतून देऊन ही गत, तर टाळ्या पिटून काय होणार?

मनोविकाराची औषधे कधी आणि कशी कमी करतात, यावर शहरातल्या एखाद्या तज्ज्ञाचा लेख आपण रविवारी छापावा. आमच्या बागेतल्या फलकावर त्याचे कात्रण मी लावीन.

– एक वाचक, रामबाग, इंदूर