हातोडी आधी खाली ठेव

पुणे,
रविवार

प्रिय बंड्या,

तुझ्या रिमोटवरच्या खेळण्यातल्या गाडीची मोटर उघडलीस, त्याचे फोटो मिळाले. मोटरच्या फोटोत टेबलाच्या कडेला ठेवलेली हातोडीही दिसली, म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी सांगायला लागलो की तू "हो हो, कळलं" म्हणतोस आणि माझं वाक्य संपायच्या आत ठोकायला सुरुवात करतोस. कागद पुढ्यात असला तर निदान पुढची ओळ वाचेपर्यंत तरी हात थांबेल.

तुझ्या फोटोंवरून मला जे कळलं ते असं. रोटर, म्हणजे मोटरमधला फिरणारा चुंबकाचा भाग, बाहेर आलाय, पण मागचं बेअरिंग अख्खं निघालेलंच नाही. आतली रेस (बेअरिंगची पोलादी कडी) शाफ्टवर, म्हणजे रोटरच्या दांड्यावर, बसून राहिली, बाहेरची रेस मागच्या ॲल्युमिनियमच्या टोपीत रुतून राहिली, आणि मधल्या गोळ्या बहुधा तुमच्या ओटीवर कुठेतरी घरंगळल्या असतील. रेसवर लाल तांबेरा आहे आणि तिच्या कडेनं टोपीवर पांढरी भुकटी. खरं सांग, गाडी रत्नागिरीच्या काळ्या समुद्रावर, मांडवीला, नेली होतीस ना? नाही म्हणू नकोस, रोटरला चिकटलेली काळी रेती बोलतेय. मांडवीच्या त्या रेतीत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची खनिजं असतात, आणि या मोटरमधलं निओडिमियम चुंबक असलं काही सोडत नाही. त्यात खारं पाणी. पोलाद आणि ॲल्युमिनियम चिकटून बसलेले असताना मधे मिठाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम खायला सुरुवात होते. ती पांढरी भुकटी त्याचीच. मूळ धातूपेक्षा ती जागा जास्त घेते, म्हणून रेस आता मोटर बनवली तेव्हापेक्षाही घट्ट बसली आहे. नुसत्या जोरानं ती येणार नाही.

एक गोष्ट आधीच ठरवून टाक, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल: बेअरिंग वाचवायचं नाहीये. ते गेलंय. वाचवायची ती टोपी, म्हणजे बेअरिंगचं घर, आणि रोटर. नवं बेअरिंग स्वस्तात मिळतं, टोपी सुटी सहसा मिळत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून रेस उचकटायला गेलास आणि ॲल्युमिनियमवर एक खोल ओरखडा पडला, की नवं बेअरिंग तिरकं बसणार. तुझी मोटर ३३०० केव्हीची आहे, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. दोन सेलच्या बॅटरीच्या ७.४ व्होल्टवर, चाकं उचललेली असताना, मिनिटाला २४,००० च्या वर फेरे. एवढ्या वेगात तिरकं बसलेलं बेअरिंग टिकत नाही, दुसऱ्याच बॅटरीला किंचाळायला लागतं.

आधी रोटरकडचं काम उरकून घे, ते सोपं आहे. पिनियन, म्हणजे शाफ्टवरचं दातेरी चाक, ओढून काढायचा तो छोटा पुलर आहे ना तुझ्याकडे? तोच चालतो. त्याची खाच आतल्या रेसच्या मागे, म्हणजे चुंबकाच्या बाजूला सरकव आणि स्क्रूनं शाफ्टचं टोक ढकल. खाच मागे जात नसेल तर तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीत साडेतीन मिलिमीटरची फट कापून घे, शाफ्ट ३.१७५ चा आहे, बरोबर बसेल. पट्टी व्हाइसवर आडवी ठेव, रोटर खाली लोंबता, आणि वरून पितळी सळईनं शाफ्ट दाब. खाली फडकं अंथर, रोटर सुटला की फरशीवर पडायला नको. ते चुंबक काचेइतकं ठिसूळ असतं, पडलं की टवका उडतो. तेवढ्याच कारणासाठी त्याला पक्कडीत धरायचं नाही.

शाफ्टवर रेसच्या मागेपुढे कागदासारख्या पातळ चकत्या असतील. त्या कुठल्या क्रमानं आहेत त्याचा फोटो काढून ठेव आणि काड्यापेटीत टाक. रोटर मागेपुढे जास्त सरकता कामा नये, त्याचा हिशेब त्या चकत्यांवर असतो.

आणि रोटरला आच दाखवायची नाही. साधं निओडिमियम ८० अंशांच्या आसपास ताकद सोडायला लागतं आणि गेलेली ताकद थंड झाल्यावर परत येत नाही. जास्त उष्णता सोसणारे प्रकार असतात, पण तुझ्या मोटरमध्ये कुठला आहे हे त्यावर लिहिलेलं नाही. रेस फारच हट्टाला पेटली तर सोल्डरिंगचं टोक फक्त रेसलाच थोडा वेळ टेकव, चुंबकाला ओलं फडकं गुंडाळून, आणि लगेच पुलर फिरव. रेस निघाली की रोटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दुसऱ्या खोलीत ठेव. टेबलावरचा लोखंडी कीस त्याला लागला तर काढता काढता संध्याकाळ जाईल. आत्ता जी काळी रेती लागली आहे ती पुसू नकोस, चिकटपट्टी दाबून दाबून उचल.

आता टोपी. खरा वांधा इथं आहे. पुढच्या टोपीला शाफ्ट बाहेर यायला आरपार भोक असतं, तिथं बेअरिंग अडकलं तर मागून पंच लावून हळूहळू ठोकता येतं. मागची टोपी बंद. रेस खड्ड्यात बसलेली, मागून ढकलायला वाट नाही, आणि गोळ्या गेल्यामुळे पुलरला धरायला मधे काही उरलेलं नाही.

अख्खं बेअरिंग आत असतं तर एक छान युक्ती होती, ती पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवतो. ओला टिश्यू पेपर आतल्या रेसच्या भोकात कोंबायचा, वरून १/८ इंची ड्रिलबिटाचा मागचा गुळगुळीत दांडा घालायचा आणि हलक्या हातानं टकटक करायची. दांडा भोकात अगदी नेमका बसतो. मग आणखी कागद, आणखी टकटक. कागदाला जायला जागा नसते, तो बेअरिंगच्या पोटाखाली शिरतो आणि त्याला वर उचलतो. ग्रीसनंही होतं, पण लहान बेअरिंगमध्ये ते कडेनं निसटतं आणि सगळं टेबल बरबटतं. तुझ्या बाबतीत मधेच मोठं भगदाड असल्यामुळे हे दोन्ही बाद.

तुला उरते ती उष्णता, आणि माझ्या मते तीच सगळ्यात सभ्य पद्धत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. बरणीचं झाकण बसलं की काकू ते गरम पाण्याखाली धरतात, तेच हे. हिशेब करून पाहिला: रेस ९.५२५ मिलिमीटरची, तपमान १०० अंशांनी वाढवलं तर टोपीतला खड्डा सुमारे ०.०२२ मिलिमीटरनं मोठा होतो आणि रेस ०.०११ नं. म्हणजे हाती लागतं ०.०११. ऐकायला काहीच नाही, पण ही बेअरिंगं बसवलेली असतात तीही एवढ्याच घट्टपणानं.

तापवायच्या आधी टोपीतला तो छोटा हिरवा सेन्सर बोर्ड काढ. बारीक स्क्रू असतात, गाळात बुजले असतील तर टाचणीनं साफ करून मग पाना लाव. त्यावरचे हॉल सेन्सर (चुंबकाची जागा ओळखणारे) आणि त्यांचं सोल्डर या प्रकारात राहता कामा नयेत. मग रेसच्या कडेनं गंज सोडवणारं तेल घाल आणि रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी तेल पुसून कोरडं कर, नाहीतर धूर होईल आणि वहिनी तुला सामानासकट अंगणात काढतील.

हॉट एअर गन असेल तर उत्तम. नसेल तर जुना तवा, मंद आच, टोपी उपडी नको, तिचा सपाट भाग खाली आणि रेस वर. भाकरीच्या तव्याला हात लावू नकोस. टोपीवर पाण्याचा थेंब टाकून बघ, चर्र होऊन लगेच उडून गेला की तापली. आता जाड हातमोजे घालून ती उचल आणि लाकडी पाटावर उपडी आपट, सपाट आणि सरळ. तिरकी आपटलीस तर रेस खड्ड्यातच अडते. आली नाही तर थांब, पूर्ण थंड होऊ दे, परत तेल, परत तवा. दरवेळी दोन धातू वेगवेगळे फुगतात-आकसतात आणि मधली ती पांढरी भुकटी तडकत जाते. इथं घाई करणारा माणूसच छिन्नी उचलतो.

थोडी वर आली की सायकलच्या स्पोकचं टोक घासून बारीक आकडा कर. बाहेरच्या रेसच्या आतून गोळ्यांसाठी गोल खोबण असते, आकडा तिच्यात अडकतो. एकदा या बाजूनं, एकदा समोरच्या बाजूनं, असं थोडं थोडं ओढत ये.

एवढं करूनही नाही हलली, किंवा कारखान्यात बेअरिंग चिकटवायचं हिरवं लॉकटाइट लावलं असेल आणि ते ऐकतच नसेल, तर शेवटचा उपाय तुझ्या दाढीच्या डब्यात आहे. तुरटी. घड्याळजी पितळेत मोडलेला पोलादी स्क्रू असाच काढतात. तुरटीचं कढत, दाट पाणी पोलाद खातं आणि पितळ-ॲल्युमिनियमला जवळपास हात लावत नाही. टोपी काचेच्या भांड्यात बुडव, पाणी कोमट ठेव, अधूनमधून बदल. बारीक बुडबुडे दिसायला लागले की काम चालू आहे. वेळ फार लागतो आणि रेस स्टेनलेसची असेल तर फारसा उपयोग नाही, पण तुझ्या रेसला एवढा तांबेरा चढलाय म्हणजे ती साधी पोलादीच असणार. कॉस्टिक सोड्याच्या नादी मात्र लागू नकोस. तो उलटा, ॲल्युमिनियम खातो. टोपी विरघळेल आणि रेस चकचकीत होऊन हातात येईल.

रेस निघाली की खड्डा सफाईनं पूस. पांढरा थर लाकडी काडीनं खरवड, पॉलिश पेपर लावून खड्डा मोठा करू नकोस.

नव्या बेअरिंगसाठी रत्नागिरीत वणवण करू नकोस. मुंबईला जाणारच आहेस तर नागदेवी स्ट्रीटवर जा, नाहीतर मला सांग, मी इथं नाना पेठेत बघतो. फक्त आकडा पाठ कर: आर-टू. आतून १/८ इंच, बाहेरून ३/८, जाडी ५/३२. दुकानदार हमखास ६२३ पुढे करतो आणि "तेच आहे हो साहेब" म्हणतो. ते ३ बाय १० बाय ४ मिलिमीटरचं. दिसतं तसंच, पण आत तुझा शाफ्ट जात नाही आणि बाहेरून तुझ्या टोपीत बसत नाही. जुनी रेस खिशात ने आणि व्हर्नियर लावूनच घे. तू समुद्र काही सोडणार नाहीस, तेव्हा पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड नको, रबराच्या सीलचं घे. थोडं जड फिरतं, पण रेती आत जायला वेळ लागतो. सिरॅमिकच्या मोहात पडू नकोस. त्यात गोळ्या तेवढ्या सिरॅमिकच्या, रेस बहुधा पोलादीच, खाऱ्या पाण्यात त्याही गंजतात.

बसवताना हाच खेळ उलटा. बेअरिंग पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये, टोपी तव्यावर. दोन्ही तयार झाले की बेअरिंग नुसतं सोडलं तरी खड्ड्यात उतरतं. दाबावं लागलंच तर बाहेरच्याच रेसवर दाब, योग्य मापाचा बॉक्स पाना उलटा ठेवून. आतल्या रेसवर जोर दिलास तर तो गोळ्यांमधून जातो आणि बेअरिंग बसवतानाच मारलंस. शाफ्ट आत घालताना मात्र आधार आतल्या रेसला.

मोटर जोडल्यावर हातानं फिरवलीस की टक-टक अडकेल. घाबरू नकोस, ते चुंबकाचं ओढणं आहे. खरखर आहे का ते बघायचं तर जोडायच्या आधी टोपीत नुसता शाफ्ट घालून फिरव. पुढचं बेअरिंगही तेव्हाच तपास. एवढं खारं पाणी पिऊन तेही ठणठणीत असेल असं मला वाटत नाही, सरळ दोन घेऊन ये.

टोपी मोकळी झाली की फोटो पाठव. छोटीला सांग, गाडी दिवाळीपर्यंत पळते. काकूंना नमस्कार. आणि येताना फणसाची साठं आण, गेल्या वेळची तूच गाडीत संपवलीस.

तुझा,
सुऱ्या