साथीला बसणाऱ्यांची नावं

बोर्डा, मडगाव

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुमच्या पुण्याच्या जॅझच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं, आणि त्याखाली लिहिलेली तुझी कुरकुरही वाचली. सॅक्सोफोनवाल्याला टाळ्या, गाणाऱ्या मुलीला फुलं, आणि बास, म्हणजे खालच्या सुरांचं तंतुवाद्य, वाजवणाऱ्या तुझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. फोनवर मी नुसतं "हं" म्हटलं. असलं काही फोनवर धड बोलता येत नाही, मध्येच तुझ्या ऑफिसचा कॉल येतो. म्हणून लिहायला बसले.

आधी वाजवण्याबद्दल, खरं खरं. पहिलं गाणं मला नाही आवडलं. सगळ्यांना आपापलं काहीतरी सांगायची घाई झाली होती. दुसरं मात्र परत परत लावलं. त्यात सॅक्सवाला सुटतो, वर कुठल्या कुठे जातो आणि तू खाली एका मात्रेला एक सूर अशी चाल सोडत नाहीस. मग एका जागी तू सूर वाजवतच नाहीस. तेवढीच एक मात्रा मोकळी. सॅक्सवाल्याला ती लगेच कळली, तो तिथे थांबला, श्वास घेतला आणि मग उतरला. मी दोनदा मागे नेऊन ऐकलं, चुकून सुटली की मुद्दाम सोडलीस म्हणून. मुद्दामच होती. ओवी शिकवताना मी वर्गात हेच सांगायची: पहिले तीन चरण भरगच्च, यमकात बांधलेले, आणि चौथा आखूड. ज्ञानेश्वरीतली कुठलीही ओवी मोठ्याने वाच, त्या आखूड चरणापाशी आवाज आपोआप टेकतो. तिथे आणखी चार अक्षरं कोंबता आली असती, पण कोंबलेली नाहीत.

आमच्या पिढीला जॅझ म्हणजे हॉटेलातला गोंगाट वाटायचा, त्यात आमचाही सगळाच दोष नव्हता. नाट्यसंगीतावर पोसलेल्या कानाला त्यात सम कुठे ते सापडत नाही. शेजारच्या मेस्तबाबांनी मला ते एकदा बोटांवर मोजून दाखवलं होतं. बहुतेक जुन्या चाली 32 बारांच्या, बार म्हणजे बहुधा चार मात्रांचा एक तुकडा. 8 बारांची ओळ दोनदा, मग 8 बारांची वेगळी ओळ, मग पहिली पुन्हा. सगळ्यांनी मिळून एकदा चाल वाजवायची, मग एकेकाने तिच्यावर आपलं काहीतरी रचायचं, शेवटी परत चाल. मला वाटायचं, मधल्या भागात मनाला येईल ते वाजवतात. तसं नसतं. चाल थांबली तरी तिचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सुरांचे गट, खालून क्रमाने सरकतच असतात, आणि वाजवणाऱ्याला आपण कितव्या ओळीत आहोत याचं भान ठेवावं लागतं. ते भान त्याला कोण देतं? बास. कॉर्ड बदलला की त्याचा मूळ सूर बहुधा तूच पहिल्या मात्रेवर ठेवतोस. तू एका बारने चुकलास तर फुलं मिळालेल्या मुलीचं गाणंही कोसळेल. हे श्रोत्यांना कळत नाही म्हणतोस, तर कळणार कसं? त्यांना कुणी मोजायला शिकवलेलंच नाही. आपल्याकडे निदान टाळ्या देत मात्रा मोजणारे रसिक तरी असतात.

आणि टाळीचं सांगायचं तर आपण भजनात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर टाळी देतो, या जॅझवाल्यांची दुसऱ्या आणि चौथ्यावर. मेस्तबाब म्हणाले, "पयलीं आयक, मागीर ताळयो मार," म्हणजे आधी ऐक, मग टाळ्या मार. सुरुवातीला हात ऐकत नाहीत. पण एकदा ती उलटी टाळी अंगात बसली की सगळं झुलायला लागतं. त्या झुलण्याला ते स्विंग म्हणतात. एका मात्रेचे दोन सूर कागदावर सारखे लिहिलेले असतात, वाजवताना पहिला लांबतो आणि दुसरा आखडतो, किती ते लयीवर अवलंबून. छापलेला अभंग आणि गायलेला अभंग यांच्यातही एवढंच अंतर असतं, म्हणून मला ते परकं वाटलं नाही.

तू मागे विचारलं होतंस, कवितेचा आणि या संगीताचा संबंध काय. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीने 1926 साली पहिला संग्रह काढला, तोच ब्लूजच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गाण्यांच्या, नावाने. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसरीत उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणताना शब्द तेच असले तरी अर्थ थोडा सरकतो, कारण ऐकणारा आता उत्तराची वाट बघतोय. कीर्तनकार एकच चरण घोळवतो तेव्हा दुसरं काय करतो? पुढे 1958 मध्ये ह्यूजने आपल्या कविता जॅझच्या साथीने वाचून ध्वनिमुद्रित केल्या, आणि त्यातल्या काहींच्या साथीला होता चार्ल्स मिंगस. बास वाजवणारा! म्हणजे तुझ्या वाद्याचा कवितेशी घरोबा जुना आहे. आपल्याकडे बाकीबाब बोरकर कविता वाचत नसत, गात. त्यांना ऐकलेली माणसं अजून त्या आवाजाबद्दल बोलतात. शंकर रामाणींबद्दल तितकं कुणी बोलत नाही. मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांत लिहिणारा, अगदी हळू आवाजातला कवी. मला विचारशील तर पावसाळ्यात वाचायला रामाणीच. त्यांची पुस्तकं तुझ्या खोलीतल्या वरच्या फळीवर आहेत, येशील तेव्हा घेऊन जा.

आता साथीला बसणाऱ्यांचं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तुझे आजोबा जत्रेतल्या नाटकांना पायपेटी वाजवायचे म्हणून. हस्तपत्रकावर नटांची नावं ठळक, आणि तळाला "ऑर्गन व तबला: स्थानिक". आयुष्यभर ते "स्थानिक" राहिले. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं, अजूनही वाटतं.

पण आजोबांचं दुःख काहीच नव्हे, अशी मोठी माणसं या गोव्याने मुंबईला दिली. पोर्तुगीज राजवटीत इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळेत पोरांना अक्षरओळखीबरोबर सोल्फेज शिकवत, म्हणजे सूर वाचायला आणि वाचता वाचता गायला. व्हायोलिन हातात यायचं ते तिथेच. ती पोरं मोठी होऊन पोटासाठी मुंबईला गेली. 1935 साली लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकनांचा बँड मुंबईत आला, ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजू लागला, आणि कागदावरचे सूर सरसर वाचणाऱ्या आपल्या पोरांनी ते नुसतं कानाने उचललं. हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ हा ट्रंपेट वाजवायचा. त्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँगही म्हणत. रात्री हॉटेलात आणि दिवसा सी. रामचंद्रांच्या हाताखाली. 1951 च्या 'अलबेला'त तो बँडसकट पडद्यावर दिसतोसुद्धा. आपण भगवानदादांच्या पावलांकडे बघत राहिलो.

ते काम कसं चाले हे मेस्तबाबांकडून ऐकावं. तेही उमेदीत मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनच्या मागच्या रांगेत होते. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवायचा, सरगम सांगायचा. बहुतेकांना पाश्चात्त्य लिपी येत नसे. अरेंजर ती स्टाफवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवायचा, खाली हार्मनी, म्हणजे सोबतचे सूर, बसवायचा, गायिकेच्या दोन ओळींच्या मधल्या जागा भरायचा, तिच्या आवाजामागून व्हायोलिनांची वेगळीच ओळ फिरवायचा. त्या ओळीला ते ओब्लिगातो म्हणतात. मग प्रत्येकाचा पार्ट वेगळ्या कागदावर. एका टेकमध्ये सगळं व्हायचं, मागच्या रांगेतला एक सूर घसरला की अख्खं गाणं परत. शंकर-जयकिशनची ती भरलेली, लाटेसारखी येणारी व्हायोलिनं तुला ओळखता येतात ना? ती लिहिली सेबॅस्टियन डिसोझांनी. संगीतकाराचं श्रेय मी कमी करत नाही. चाल त्यांचीच. पण गुणगुणताना आपण नकळत मधलं संगीतही गुणगुणतो, आणि ते कुणाचं हे कधी विचारत नाही.

सगळ्यात विचित्र नशीब माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादक अरेंजरचं. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 साली मुंबईत त्यांनी आपल्या रागांवर बेतलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पुढे ते अमेरिकेला गेले आणि या लाइनीतून जणू नाहीसेच झाले. मग 1977 मध्ये शिष्याने गुरूचं नाव 'अमर अकबर अँथनी'च्या एका गाण्यात घातलं आणि अंड्यातून बाहेर आलेला अमिताभ ते नाव देशभर पोचवून मोकळा झाला. लोकांना वाटतं ते नाव कुणीतरी असंच सुचवलं. माजोर्डा आपल्या घरापासून किती लांब आहे ते तुला सांगायला नको.

आपल्या बोर्ड्याच्या क्रिस पेरीला निदान कोकणी माणसाने विसरलं नाही. गायिका लॉर्नाचा आवाज त्याच्या ट्रंपेटशी भांडत-खेळत जातो ना, तो जॅझच आहे रे, फक्त कोकणीत. तू लहानपणी लग्नात त्यावर नाचलास आणि आता पुण्याला जाऊन जॅझ "शोधलास". असो.

म्हणून तुझ्या कुरकुरीला माझं उत्तर दोन तोंडांचं आहे. टाळ्या कमी पडतात म्हणून बास सोडून गिटार घेतो म्हणालास, ते मला अजिबात पटलेलं नाही. तुला ती मात्रा मोकळी सोडता येते, सगळ्यांना येत नाही. आपले तबलावादक खाप्रुमाम पर्वतकर दोन्ही हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे. लयभास्कर म्हणून मोठमोठे गवई त्यांना मान द्यायचे, ते काय फड जिंकायला? लय हेच त्यांचं गाणं होतं.

पण साधकाने नावाची पर्वा करू नये वगैरे मी तुला सांगणार नाही. ते सांगणाऱ्यांची स्वतःची नावं बहुधा वर छापलेली असतात. नाव लिहायला काय पैसे पडतात? तुमच्या पुढच्या रेकॉर्डिंगखाली प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि वाद्य घाल, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचंही. कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच नावं पुकारा, शेवटी लोक चपला शोधायला लागल्यावर नको. आणि तूही एक कर. या वेळच्या रेकॉर्डिंगखाली तू स्वतःचं नाव लिहिलंस, सॅक्सवाल्याचं लिहिलंस, ड्रमवाल्याचं विसरलास. मेस्तबाबांनी तेच पहिलं विचारलं. ब्रशने वाजवतो तो चलो (मुलगा) कोण म्हणाले, बरो वाजयता (छान वाजवतो). मला सांगता आलं नाही.

चवथीला सुट्टी मिळतेय ना? गणपतीवर टांगायच्या माटोळीचं, फळा-पानांचं सामान बांधायला बाबांना एकट्याला आता झेपत नाही. बास आणायची असेल तर आण, पण आरतीच्या वेळी वीज जाते हे धरूनच चाल. त्यापेक्षा घुमटाला, आपल्या मातीच्या वाद्याला, बस. वाड्यावरची पोरं शामेळ (ढोलासारखं) आणि कांसाळं (झांजा) घेऊन येतात, घुमट वाजवणारा एक यंदा दुबईला गेलाय. चामडं आता शेळीचं असतं, घोरपडीचं बंद झालं, त्यामुळे पावसात ते लगेच सैल पडतं आणि चुलीपाशी धरून तापवावं लागतं. दोन दिवस आधी आलास तर हाताला सवय होईल. तिकिटाचं आजच बघ, मागच्या वर्षीसारखं रात्रभर बसने उभ्याने यायची वेळ नको.

तुझी,
आई