ओलं अंगावर वाळवू नकोस

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू आईला म्हणालास, "जांघेत जरा खाजतंय, बाकी काही नाही," आणि विषय बदललास. मी शेजारीच बसलो होतो. आधी एवढंच सांग: डाग गोल आहे का, कडेला लालसर, उठावदार आणि मध्ये साफ होत आलेला? तसा असेल तर ती बुरशी आहे, घामोळं समजून बसू नकोस. दुकानातून आणलेलं, दोन दिवसांत खाज थांबवणारं मलमही लावू नकोस. तसल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली दबते, खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते, आणि मग डॉक्टरांनाही डाग ओळखणं अवघड जातं. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. डाग दिसेनासा झाला तरी त्यांनी सांगितलेले दिवस पुरे होईपर्यंत औषध सोडू नकोस. अंगावर काढू नकोस.

तुझा फोटो मिळाला. हाताखालची माणसं घेऊन उभा आहेस. आईनं तो सगळ्यांना दाखवला, मीही दाखवला. पण माझी नजर तुझ्या शर्टावर गेली. छातीवर बटणं ताणलेली, काखेपासून कमरेपर्यंत कापड चिकटलेलं, आणि खाली घट्ट काळी जीन्स. इतक्या दमट हवेत हे दिवसभर अंगावर असेल तर जांघ खाजणारच.

नुसता घाम येऊन अंग गार होत नाही, तो उडावा लागतो. हवाच दमट असली की तो उडता उडत नाही. अशा वेळी कापड आणि कातडी यांच्यामध्ये हवा खेळती राहिली तरच निभाव लागतो. म्हणून मी आधी सैलपणा बघतो, मग कापड, आणि रंग सगळ्यांत शेवटी.

शर्ट छातीच्या मापापेक्षा ५ ते ६ इंच मोठा हवा. तुझी छाती ३८ असेल तर शर्टाचा घेर ४३-४४. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, काखेत रुतता कामा नये, पण फार खोलही नको. खोल मुंढ्याचा शर्ट हात वर केला की सगळाच वर ओढला जातो. पाठीवर एक चुणी असू दे. कॉलरला जाड बकरम, म्हणजे आतलं कडक अस्तर, नको, ते घाम धरून ठेवतं आणि मानेला घासतं. लहानपणी तुझ्या मानेवर पहिलं घामोळं बरोबर कॉलरच्या रेषेवर उठायचं आणि तू शर्ट काढून भिरकावून द्यायचास. आई ओरडायची. तुझं बरोबर होतं, आज लिहूनच टाकतो.

आता कापड. सुती कापड नेहमीच्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरतं, लिनन १२ च्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे साध्या पॉलिएस्टरच्या शर्टात घाम कातडीवरच राहतो. खेळायचे पटकन वाळणारे टीशर्ट वेगळे; त्यांची वीण घाम पसरवण्यासाठीच केलेली असते. तासभर पळायला ते चांगले, पण घरी आल्यावर लगेच काढायचे. सुताचा दोष असा की एकदा चिंब झालं की ते लवकर वाळत नाही. म्हणून लेबलवर 'कॉटन' वाचून थांबू नकोस, वजन बघ. शर्टाला १०० ते १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटर कापडाला तितके ग्रॅम, पुरे. वीण साधी, एक धागा वर एक खाली अशी: व्हॉइल, कॅम्ब्रिक, मलमल. ऑक्सफर्ड जाड पडतं. पॉपलिन हलकं असलं तरी बऱ्याचदा इतकं दाट विणतात की वारा आत शिरत नाही. कापड ओठांना लावून फुंकर मार. पलीकडे हाताला सहज जाणवली पाहिजे. सीअरसकर मिळालं तर जरूर घे. त्याच्या उठलेल्या सुरकुत्यांमुळे कापड अंगाला पूर्ण टेकतच नाही, आणि इस्त्रीही लागत नाही. रेयॉन मऊ आणि गार असतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, पिळू नये.

भेसळीची शंका आली तर आतल्या शिवणीतून दोन-तीन धागे काढून चिमट्यात धर आणि पेटव. सुती धागा कागदासारखा जळतो, राखाडी राख बोटांत विरते. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. मिश्रणात दोन्ही दिसतं. हे मोरीत कर, बादलीत पाणी ठेवून.

जीन्स मात्र सोड रे. जीन्सचं वजन चौरस वाराला औंसांत सांगतात; १२ औंसाची जीन्स ४०० जीएसएमच्या घरात जाते. १८० ते २०० जीएसएमची सुती किंवा लिननची पँट त्याच्या निम्मी, आणि दमट हवेतही रात्रीत वाळते. पुढे चुण्या असलेली घे. खाली बसल्यावर मांडीवरचं कापड चिमटीत दोन इंच आलं पाहिजे. आसन, म्हणजे कमरेपासून जांघेतल्या शिवणीपर्यंतचं माप, आखूड नको; आखूड आसनाची शिवण चालताना नेमकी जांघेतच घासते, आणि सोललेल्या कातडीवर बुरशी लवकर धरते.

पुन्हा तिथंच आलो. आलोच आहे तर सगळं सांगून घेतो. आखूड चड्डीचं इलॅस्टिक जांघेच्या घडीवर बसतं आणि घाम तिथंच साठतो. मांडीवर थोडी उतरणारी, मऊ सुती विणीची घे, म्हणजे कातडीवर कातडी घासणार नाही. दिवसातून दोनदा बदल. रात्री नुसता सैल पायजमा. आंघोळीनंतर जांघ टिपून पूर्ण कोरडी कर, त्यासाठी टॉवेल वेगळा ठेव आणि तो कुणाला देऊ नकोस. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी साल किंवा भेगा आहेत का, तेही बघ. असतील तर कपडे चढवताना आधी मोजे घाल, मग चड्डी. पायाची बुरशी चड्डीला लागून वर जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापर, ओला बूट एका रात्रीत वाळत नाही.

फार झालं का? तू आता सगळं स्वतःचं स्वतः निभावतोस, तुला चड्डी कशी घालावी हे बापानं लिहावं हे बरं दिसत नाही. राग मानू नकोस. पण हे सांगणारं तिथं दुसरं कोण आहे?

धुण्याचं मात्र मनावर घे. डाग जाईपर्यंत चड्ड्या, मोजे, टॉवेल वेगळे, ६० अंशांच्या पाण्यात धू. खळ नको, ती विणीतली भोकं बुजवते. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, त्याचा थर बसला की सूत घाम टिपेनासं होतं. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळ, उरलेला साबण घामात मिसळला की कातडी चरचरते. कपडे उलटे करून, दोन कपड्यांत वीतभर अंतर ठेवून पंख्याखाली वाळत घाल. वाळलं का ते मधल्या कापडावरून ठरवू नकोस. कॉलर, बटणपट्टी, कमरपट्टा, चड्डीचं इलॅस्टिक चाचपून बघ. तिथं गार लागलं की ओल आहे. मग उलट्या बाजूनं शिवणींवर इस्त्री फिरव. अंगावर वाळेल म्हणून घातलेला कपडा अंगावर वाळत नाही, तो अंगच ओलं ठेवतो.

उन्हात उभं राहायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा सैल, फिकट शर्ट घाल. फार विरळ पांढरा शर्ट घामानं भिजला की ऊन थेट कातडीपर्यंत येतं, म्हणून दुपारच्या कामाला जरा दाट विणीचा ठेव. नुसत्या टोपीनं कान आणि मान उघडी राहतात, चहूबाजूंनी तीन इंच काठ असलेली हॅट बघ. अंगाला उकाड्याची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर दुपारची अंगमेहनत हळूहळू वाढव. डोकं दुखून मळमळलं, बोलताना गडबडायला झालं, तर काम टाकून सावलीत जा आणि सोबतच्याला सांग. संकोच करू नकोस.

बॅगेत एक कोरडी बनियन ठेव. चिंब शर्टानं एसीत जाऊन बसण्याआधी ती बदल.

तुझ्यासाठी शर्टांचं कापड घेऊन ठेवलंय. सूत धुतल्यावर आटतं, म्हणून ते रात्रभर भिजवून, वाळवूनच कापायला घेईन. तुझ्याकडचा सगळ्यांत सैल शर्ट बटणं लावून सपाट पसर आणि काखेच्या एक इंच खाली आडवं माप घे. खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत. बाही तू ठरव, अर्धी की पूर्ण. रविवारपर्यंत कळव.

तुझा,
बाबा